हिमानीचं कॉमिक आणि गुरुनाथचं मोठं मन

त्या सकाळी गुरुनाथ सबनीसला फक्त शशिकांतपासून तोंड लपवायचं होतं. बाकी जे काही झालं, ते करायचा त्याचा अजिबात विचार नव्हता.

शशिकांत हा न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष, आणि दुर्दैवाने रोज गुरुनाथच्याच ट्रेनने न्यूयॉर्कला ऑफिसला जाणारा. एप्रिल उजाडला की त्याला स्वतःच्या लॉनशिवाय दुसरा विषय सुचत नसे. कुठलं खत घातलं, कुठलं घालायला हवं होतं, शेजाऱ्याच्या आवारातून रानटी फुलं कशी घुसखोरी करतात. (एप्रिलपर्यंत बर्फ उपसायच्या यंत्राचा विषय चाले.) एरवी गुरुनाथ पेपरचा आडोसा करून बसायचा. पण त्या दिवशी पेपर घरीच राहिला. कांचनने, म्हणजे त्याच्या बायकोने, त्याला प्रिन्स्टन जंक्शनला सोडलं, तेव्हा कारच्या मागच्या सीटवर पडलेलं पुस्तक त्याने उचललं आणि फलाटावर शशिकांत दिसताच चेहऱ्यासमोर धरलं.

पुस्तक हिमानीचं होतं. हिमानी ही त्यांची एकुलती एक मुलगी, नववीत शिकणारी. ती आणि तिच्या मैत्रिणी हल्ली लायब्ररीतून जपानी कॉमिक्स ढिगाने आणत. हे कॉमिक एका हायस्कूलमधल्या बँडचं होतं. मोठे मोठे डोळे, टोकदार केस आणि पानोपानी गिटार.

गुरुनाथने पुस्तक उघडलं. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत छापलं होतं : ‘थांबा! तुम्ही चुकीच्या दिशेने चालला आहात!’

त्याला प्रकाशकाचं कौतुक वाटलं. आजकाल मुलांना इतकं स्पष्ट सांगतं कोण? खाली बारीक अक्षरांत आणखी बरंच काही होतं, पण बारीक अक्षर वाचायची त्याला सवय नव्हती. (घर घेतानाही त्याने ते वाचलं नव्हतं.) त्याने पान उलटलं.

चेरीच्या झाडाखाली दोन मुलं एकमेकांना घट्ट मिठी मारून उभी होती. एक ड्रम वाजवणारा तोमो, दुसरा गिटार वाजवणारा नात्सू. पुढे त्यांचं कडाक्याचं भांडण झालं. मग त्यांनी एकत्र गाणं बसवलं. आणखी पुढे तर ते एकमेकांना ओळखेचनात! संवादांतही उत्तर आधी आणि प्रश्न नंतर येत होता, पण गुरुनाथच्या ऑफिसातल्या मीटिंगा अशाच चालत, त्यामुळे त्याला काही खटकलं नाही. शेवटी शेवटी नात्सूला एका रात्रीत कमरेपर्यंत केस आले, अंगात स्कर्ट आला, आणि अखेरच्या पानावर तो मुलगी होऊन आईबापांसमोर उभा. आई रडतेय, बाप खाली मान घालून बसलाय.

गुरुनाथला गलबलून आलं. वाटेतलं नूअर्क स्टेशन कधी गेलं, त्याला कळलंसुद्धा नाही.

संध्याकाळी घरी आला, तर दार एका मुलाने उघडलं. केस कानाच्या वर कापलेले.

“कोण पाहिजे तुला?” गुरुनाथने सौजन्याने विचारलं.

“डॅड! इट्स मी!”

सकाळपर्यंत हिमानीची जाड वेणी होती. गुरुनाथ बूट न काढताच सोफ्यावर बसला. थोड्या वेळाने जिन्याजवळून जाताना त्याच्या कानावर तिचं फोनवरचं बोलणं पडलं. बाबाला अजून पत्ता नाही, शनिवारी सगळ्यांसमोरच कळेल, आणि मुलगा व्हायला जाम मजा येतेय, असं ती मैत्रिणीला सांगत होती.

तो तडक स्वयंपाकघरात गेला.

“कांचन, हिमानी बदलतेय.”

“चौदा वर्षांची आहे. बदलणारच.” कांचन फोडणीत गुंतली होती. वरचा एक्झॉस्ट फॅन घरघरत होता.

“तसं नाही गं. ती तोमो होतेय.”

“टोमॅटो? फ्रीजमध्ये आहेत बघा.”

“मी गंभीरपणे विचारतोय. तुला चालेल?”

“आमटीत घालायला ना? चालतील की.”

म्हणजे हा भार आपल्याला एकट्यालाच उचलायचा आहे, हे गुरुनाथला कळून चुकलं. जेवताना तो हिमानीकडे बघत राहिला. पोर सायकल शिकताना पडली होती, तेव्हा तिच्याआधी तो रडला होता. मग त्याला आपले आजोबा आठवले. आजोबा संगीत नाटक कंपनीत स्त्रीपार्ट करायचे. शालू नेसून, नथ घालून पदं म्हणायला लागले की वन्समोअरवर वन्समोअर मिळायचे. त्यांचं घराण्यात केवढं कौतुक! मग आपल्या पोरीनेच काय घोडं मारलंय? ठरलं. मन मोठं करायचं. पुढले काही दिवस तो बाथरूमच्या आरशासमोर भाषणाची तालीम करत राहिला.

गुरुवारी तो हिमानीच्या खोलीत गेला आणि पलंगाच्या कडेवर टेकला.

“हिमानी, मला सगळं कळलंय.”

तिचा चेहरा पडला. “हू टोल्ड यू? मम्मी?”

“कोणी सांगावं लागत नाही. बापाला कळतं.”

“आर यू मॅड?”

“मुळीच नाही. तू जशी आहेस... जसा आहेस... म्हणजे जे काही आहेस, ते आमचंच आहेस.” (मराठीतली तिन्ही लिंगं वापरून झाली. चौथं असतं तर त्याने तेही वापरलं असतं.)

हिमानीला इतकं मराठी एका दमात झेपायचं नाही. तिला फक्त परवानगी मिळाल्याचं कळलं. “सो आय कॅन डू इट? सॅटर्डेला? सगळ्यांच्या समोर?”

“सगळ्यांच्या समोर. ताठ मानेने.”

तिने त्याला कडकडून मिठी मारली. अशी मिठी त्याला बऱ्याच दिवसांत मिळाली नव्हती. “मग डॅड, तुझा लग्नातला सूट घेऊ?”

गुरुनाथ उठून कपाटाकडे गेला. त्याने स्वतः सूट काढून दिला, आणि टायची गाठ कशी मारायची तेही शिकवलं. दोनदा त्याची स्वतःचीच चुकली, कारण डोळ्यांपुढचं धूसर दिसत होतं.

शनिवारी शाळेच्या सभागृहात टॅलेंट शो होता. कांचन कॅमकॉर्डर सरसावून बसली. पडदा वर गेला आणि टोकदार केसांची चार ‘मुलं’ स्टेजवर आली. ड्रमवर हिमानी, बापाच्या सुटाच्या बाह्या दुमडून. आणि काय वाजवलं पोरीने! टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या रांगेतल्या बाईंनी कुणाला तरी विचारलं, “तो ड्रमवरचा मुलगा कोण हो?”

हाच तो क्षण, हे गुरुनाथने ओळखलं. तो उठून उभा राहिला. टाळ्या नेमक्या तेव्हाच थांबल्या.

“दॅट्स माय सन!” तो गरजला. “अँड आय ॲम प्राउड ऑफ हिम!”

दोन-चार अमेरिकन आयांनी डोळे पुसले. कांचनने त्याचा कोट धरून त्याला खाली ओढलं.

“अहो, काय बरळताय?”

“धीर धर, कांचन. आता काही लपवायचं नाही.”

“काय लपवायचं नाही?”

तेवढ्यात निवेदिकेने माइकवर सांगितलं, की या नववीतल्या चार मुली होत्या आणि त्यांनी आपल्या आवडत्या कॉमिकमधल्या पात्रांचे वेश घेतले होते. चौघींनी वाकून अभिवादन केलं. गुरुनाथ खुर्चीत शक्य तितका खाली सरकला.

पार्किंग लॉटमध्ये सगळा उलगडा झाला तेव्हा हिमानी हसून हसून फुटपाथवर बसली. “डॅड, जपानी बुक्स उजवीकडून वाचतात! तू एंडपासून वाचलंस! नात्सू मुलगीच आहे. बँडसाठी केस कापून बॉइज स्कूलमध्ये जाते. मग तोमो तिच्या प्रेमात पडतो.”

“पण पहिल्याच पानावर लिहिलं होतं, की तुम्ही चुकीच्या दिशेने—”

“एक्झॅक्टली, डॅड!”

मग तिचं हसू ओसरलं. “पण खरंच तसं असतं तर? तुला चाललं असतं?”

“मग बाथरूममध्ये इतके दिवस काय मी दाढी करत होतो?” गुरुनाथ म्हणाला.

घरी जाताना हिमानी पुढे न बसता त्याच्याजवळ मागे बसली, आणि घर येईपर्यंत तिचं डोकं त्याच्या खांद्यावर होतं. कार चालवणाऱ्या कांचनने आरशातून ते पाहिलं, आणि चार दिवस पुरेल इतकी चेष्टा मनातच ठेवली.

रविवारी दुपारी फोन वाजला. गुरुनाथचे हात कणकेचे होते, म्हणून कांचनने स्पीकर लावला.

“अभिनंदन, गुरुनाथ!” शशिकांतचा आवाज घरभर घुमला. “शाळेत भर सभेत उभं राहून मुलगा झाल्याचं जाहीर केलंस म्हणे! सगळ्या मंडळात बातमी पसरलीय. पेढे कधी?”

“अरे, मुलगा नाही, ती हिमानी—”

“हो, हो. हिमानीला भाऊ झाला. फार छान! आता लाजतोस कसला?”

“शशिकांत, माझं ऐकून तरी घे—”

“आमच्या सुमित्राचा विश्वासच बसेना. म्हणाली, कांचन परवा योगाच्या क्लासला होती, अगदी चवळीची शेंग. पण मी तिला सांगितलं, अगं, पोट वाढतंय हे मला गाडीत रोज दिसत होतं. फक्त ते गुरुनाथचं होतं, म्हणून माझ्या लक्षात आलं नाही!”