चढावर थांबण्याबाबतचा ठराव

बोरिवली पश्चिमेच्या आरोही सायकल मंडळात एकूण एकतीस सभासद आहेत, आणि गेल्या जुलैपासून त्यांच्यात एका प्रश्नावर गंभीर मतभेद आहेत. परदेशातल्या एका मोठ्या सायकल शर्यतीतला डोंगराचा टप्पा सर्वांनी सोसायटीच्या कार्यालयातल्या टीव्हीवर एकत्र पाहिला. अशा शर्यतीत प्रत्येक संघाचा एक नेता असतो आणि बाकीचे त्याचे मदतनीस. मदतनीसाने पुढे राहून वारा अडवायचा, पाण्याच्या बाटल्या आणायच्या आणि नेत्याला जपून वर न्यायचं. त्या दिवशी शिखर चार किलोमीटरवर असताना नेता दमला. मदतनीस ताजातवाना होता. कानातल्या यंत्रातून त्याला हुकूम आला, थांब. तो थांबला. दुसऱ्याच संघाचा माणूस निघून गेला आणि जिंकला.

मदतनीसाने थांबायला हवं होतं का?

थांबायला हवं होतं, असं मानणाऱ्यांचे पुढारी चंद्रप्रकाश परुळेकर. ते बँकेतून निवृत्त झाले, मंडळाचे अध्यक्ष आहेत आणि आपल्या सोसायटीचे अकरा वर्षं चेअरमन आहेत. "संघ म्हणजे संघ," असं ते म्हणत. नको होतं, असं मानणाऱ्यांचे पुढारी विन्सेंट घोन्साल्विस. त्यांची उमेदीची वर्षं जहाजांच्या इंजिनखोल्यांत गेली. त्यांचं म्हणणं, "अरे चंदू, इंजिन बंद पडलं तर त्याच्यासाठी दुसरं चालू इंजिनपण बंद करतोस काय तू?" दोघं चाळीस वर्षांचे शेजारी. ऑगस्टमध्ये परुळेकरांनी विन्सेंट अंकलच्या घरून आलेला डबा रिकामा परत पाठवला. आमच्याकडे कोणी कोणाचा डबा रिकामा परत करत नाही. तेव्हा प्रकरण किती पुढे गेलं होतं, ते यावरून कळावं.

मंडळात सायकली नऊ आहेत. त्यातल्या पाचांच्या चाकांत हवा असते. एकच सायकल रोज रस्त्यावर असते, ती सुलक्षणाची. सुलक्षणा पॅथॉलॉजी लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करते. सकाळी सहा ते दहा, बोरिवली ते दहिसर. वादाच्या बैठकांना ती सहसा नसे, कारण तेव्हा ती सायकल चालवत असे.

डिसेंबरमध्ये उपनगर चढाई स्पर्धा जाहीर झाली. राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकापासून कान्हेरी गुंफांपर्यंत सहा किलोमीटर, शेवटचे दोन उभ्या चढाचे. चांगली कामगिरी करणाऱ्या मुलींना राज्याच्या प्रशिक्षण शिबिरात प्रवेश. वयाची अट तिशीच्या आत. सुलक्षणा मार्चमध्ये तीस पूर्ण करणार होती. नाव मात्र मंडळामार्फतच द्यायचं होतं, दोघांचा संघ करून.

"काका, माझं नाव द्याल ना?" तिने परुळेकरांना विचारलं. तेव्हा ती त्यांच्याच दंडाला रबराची पट्टी बांधत होती. त्यांची दर तीन महिन्यांनी साखर तपासावी लागते.

"देऊ की. पण नियमाने देऊ," ते म्हणाले.

मंडळाची नियमावली परुळेकरांनी स्वतः तयार केली आहे. त्यांना एकच नियमावली पाठ होती, सोसायटीची. तीच घेऊन त्यांनी 'सदनिका' या शब्दाच्या जागी 'सायकल' घातला. त्यामुळे आमच्या नियम चौदानुसार सायकलीच्या बाल्कनीत कुंड्या ठेवता येत नाहीत, आणि नियम एकोणीसनुसार सायकलीला अंतर्गत भिंत पाडायची असेल तर पूर्वपरवानगी लागते. आजवर याची कोणाला अडचण झाली नव्हती.

नियमाप्रमाणे सात जणांची डावपेच उपसमिती नेमली गेली. मी भौतिकशास्त्रात बी.एस्सी. केलं असल्याने मला मताधिकाराशिवाय तांत्रिक सल्लागार आणि इतिवृत्तलेखक करण्यात आलं. पहिल्या बैठकीत संघाचा नेता ठरला, एल्रॉय. तो विन्सेंट अंकलचा पुतण्या, आणि त्याची सायकल सर्वांत हलकी. सुलक्षणा मदतनीस ठरली. मी दोघांचा चढावरचा वेळ मोजून आणला होता. सुलक्षणा दर किलोमीटरला एक मिनिट वेगवान होती.

"रुचिरा, हे चांगलं काम आहे," परुळेकर मला म्हणाले. "फाइलला लाव."

एल्रॉयलाही हे पटलं नव्हतं. "अंकल, ती माझ्यापेक्षा फास्ट आहे यार. मी काय लीडर?"

"लीडरने असं बोलायचं नसतं," विन्सेंट अंकल म्हणाले. पुतण्याचा प्रश्न आला की त्यांचं नेत्याला सोडून सुटण्याचं तत्त्वज्ञान थोडं थांबत असे.

दुसऱ्या बैठकीत असं ठरलं की शर्यतीत मदतनीसाने नेत्याला सोडून पुढे जायचं असेल तर उपसमितीची मंजुरी घ्यावी, ठरावाला सूचक आणि अनुमोदक असावा, गणसंख्या चार. विनापरवानगी सुटणाऱ्या स्पर्धकाला मंडळाचं शिफारसपत्र मिळणार नाही. शिबिरासाठी ते पत्र लागतं. थांबा गटाला वाटलं, आता कोणी सुटत नाही. सुटा गटाला वाटलं, आता सुटायला अधिकृत मार्ग झाला. ठराव एकमताने मंजूर झाला. पाच महिन्यांत प्रथमच एकमत झालं म्हणून चहा मागवला.

शर्यत रविवारी सात वाजून दहा मिनिटांनी सुरू झाली. उपसमितीची बैठक सोसायटीच्या कार्यालयात त्याच क्षणी बोलावली होती. भिंतीवर मोठा नकाशा दाखवला होता, त्यावर दोन ठिपके सरकत होते. टेबलावर फोन, स्पीकर चालू. दोघांच्या कानांत यंत्रं. हजर सभासद तीन. विन्सेंट अंकल चर्चमध्ये साडेसहाच्या मिस्सेला, म्हणजे रविवारच्या प्रार्थनेला गेले होते. एक सभासद झोपले होते. उरलेल्या दोघांचा "निघालो" असा निरोप आला होता. मुंबईत याचा अर्थ आंघोळ बाकी आहे.

प्रथम मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करण्यात आलं. तेवढ्यात ठिपके चार किलोमीटर पुढे गेले होते. सात बावीसला उभा चढ लागला आणि फोनमधून सुलक्षणाचा श्वास ऐकू आला.

"काका, पुढची मुलगी सुटलीय. मी जाऊ का?"

मागून एल्रॉयचा आवाज. "जा ना गं. विचारतेस काय? माझी वाट लागलीय इथे."

परुळेकरांनी खोलीत पाहिलं आणि डोकी मोजली. तीन. पुन्हा मोजली. "गणसंख्या नाही," ते म्हणाले. "नियम तेहेतीस. गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब. अर्ध्या तासाने याच जागी सभा होईल आणि तिला गणसंख्येची गरज राहणार नाही."

"पण चढ दहा मिनिटांत संपतोय," मी म्हणाले.

"तुझं म्हणणं अगदी बरोबर आहे. इतिवृत्तात घे."

"मी काय करू?" फोनमधून पुन्हा आलं.

"सध्या आहे तिथेच राहा, बाळा. सात बावन्नला निर्णय कळवतो."

आहे तिथे राहणं म्हणजे चढावर एल्रॉयच्या वेगाने जाणं. ती त्याच्या वेगाने गेली. तिला ते पत्र हवं होतं. पुढची मुलगी लांब गेली. खोलीतल्या तिघांनी आपापल्या खुर्च्या थोड्या मागे घेतल्या. सभा तहकूब असल्यामुळे एकाने पेपर उघडला.

सात सत्तावीसला विन्सेंट अंकल आले. शेवटच्या आशीर्वादाला न थांबता ते चर्चमधून निघाले होते, घामेघूम. "काय झालं? सुटली ना?"

"सभा तहकूब आहे."

"अरे पण मी आलो ना आता. चार झालो. घे ठराव."

"तुम्ही आलात ते सभेत नाही आलात," परुळेकर शांतपणे म्हणाले. "तुम्ही तहकुबीत आलात. तहकुबीत गणसंख्या मोजत नाहीत."

"चंदू, तू बँकेत असताना लोकांना पैसे मिळायचे काय रे?"

"फॉर्म बरोबर भरला तर मिळायचे."

विन्सेंट अंकलनी फोन उचलला. "सुलक्षणा, जा तू. मी सांगतो, जा."

मग तिने विचारलं, "अंकल, हे मंडळ सांगतंय की तुम्ही?"

"वैयक्तिक मत आहे," परुळेकर टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून म्हणाले. "मंडळावर बंधनकारक नाही."

फोनमधून खरखर आली. तिने कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं असावं, कारण यानंतर फक्त कापड घासल्याचा आवाज येत होता. नकाशावर तिचा ठिपका एल्रॉयपासून सुटला. सात अठ्ठावीस. एक किलोमीटर बाकी.

ती दुसरी आली, सहा सेकंदांनी. मी हिशेब केला. विचारलं तेव्हाच गेली असती तर चोपन्न सेकंदांनी पहिली आली असती. तोही फाइलला लागला.

सोमवारी संध्याकाळी सर्वसाधारण सभा झाली. मंडळाच्या इतिहासात प्रथमच एकतीसच्या एकतीस सभासद हजर होते. झोपलेले गृहस्थही आले होते आणि सर्वांत मोठ्याने बोलत होते. सभा सुरू होण्याआधीच सुलक्षणा उभी राहिली. लॅबमधून जादा काम करून थेट आली होती, अजून कोटातच.

"काका, पहिल्या दोघींना घेतायत शिबिराला. म्हणजे माझं झालंय. फक्त मंडळाचं पत्र हवं. शुक्रवारपर्यंत. तुमची एक सही."

"अभिनंदन," परुळेकर म्हणाले. "पण तू विनापरवानगी सुटलीस, तेव्हा आधी तो मुद्दा निकाली काढायला लागेल. पत्र ऐनवेळच्या विषयांत घेऊ. विषय नववा."

विषय पहिला होता, सुलक्षणाने केव्हा सुटायला हवं होतं.

एक सभासद म्हणाले, तिने विचारायलाच नको होतं. दुसऱ्यांच्या मते विचारायला हवं होतं, पण उत्तर ऐकायला नको होतं. तिसऱ्यांनी सुचवलं की तिने अर्ध्या चढावर अर्धवट सुटून अंदाज घ्यायला हवा होता. एल्रॉय उठून म्हणाला की त्याने तिला जा म्हणूनच सांगितलं होतं. त्याला नेत्याने मदतनीसाच्या कामात ढवळाढवळ करू नये, अशी समज देण्यात आली. मग माझी पाळी आली. मी फळ्यावर मांडून दाखवलं की एवढ्या चढावर ताशी बारा किलोमीटरच्या वेगात नव्वद टक्क्यांहून जास्त शक्ती वजन वर उचलण्यात जाते आणि वाऱ्यात जेमतेम चार टक्के. म्हणजे उभ्या चढावर पुढे राहून वारा अडवणारा मदतनीस जवळजवळ निरुपयोगी असतो. टाळ्या पडल्या. दोन्ही गटांनी ते गणित आपल्या बाजूचं म्हणून उतरवून घेतलं. मला आवडलं, खोटं कशाला सांगू.

साडेनऊच्या सुमारास परुळेकर ठामपणे म्हणाले की सुलक्षणाने कोणाचीही वाट न बघता जायला हवं होतं, खेळाडूला स्वतःची अक्कल नको का? त्यावर विन्सेंट अंकल चिडून म्हणाले की असं प्रत्येक जण सुटायला लागला तर संघ कशाला म्हणायचा? दोघंही हिरिरीने बोलत होते. आपण बाजू बदलल्याचं त्यांच्या लक्षात आलं नाही, आणि त्यांच्या मागच्या तेरा-तेरा जणांच्याही नाही. ते पुढाऱ्यांबरोबर निमूटपणे पलीकडे गेले होते. परदेशातल्या शर्यतीवर जी रंगत पाच महिन्यांत आली नव्हती, ती एकाच संध्याकाळी आली. या वेळी खेळाडू ओळखीची होती.

दहा वाजता वॉचमनने कार्यालय बंद करायला सांगितलं. विषय पहिला अपूर्ण राहिला. जिन्यात विन्सेंट अंकल परुळेकरांच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "नाताळला घरी फुगे तळले की डबा पाठवतो तुझ्याकडे. पण तू चूक आहेस."

"तू पाठव. चूक कोण ते पुढच्या सभेत बघू."

सुलक्षणा फाटकापाशी सायकलचं कुलूप काढत होती. तिने मला विचारलं, "पुढची सभा कधी?" मी म्हटलं, रविवारी. तिने मान हलवली, दिवा लावला आणि गेली. सकाळी सहाला दहिसरला पहिला नमुना घ्यायचा होता.

ही हकीकत मी तेव्हापासून चौदा जणांना सांगितली आहे. सगळे माझ्या ओळखीचे, शिकलेले, नियमांना हसणारे लोक. चौदाही जणांनी मत दिलं. आठ म्हणाले, तिने सात बावीसलाच सुटायला हवं होतं. चार म्हणाले, कानातलं यंत्र लावायलाच नको होतं. दोघांनी माझं वाऱ्याचं गणित पुन्हा तपासून मागितलं. शुक्रवारी पत्र गेलं का, हे एकानेही विचारलं नाही. तुमचं मत या चौदांमध्ये कुठे धरायचं, तेवढं कळवा. मी इतिवृत्तात घेते.