पगारे बाई आणि गणितातल्या साळुंक्या

“अहो, सरका बाजूला! साळुंकी गणित सोडवतेय.”

पगारे बाई माझ्याशी बोलल्या ते हे पहिलं वाक्य. आमची सोसायटी इंदिरानगरात. टाकीत पाणी किती उरलंय ते बघायला मी गच्चीवर गेलो होतो. समोर स्टुलावर एक साठी ओलांडलेल्या बाई, डोक्यावर क्रिकेटची टोपी, गळ्यात शिट्टी. त्यांच्यापुढे श्रीखंडाचे दोन रिकामे डबे, आणि कठड्यावर एक साळुंकी, मान तिरकी करून. मी सरकलो. साळुंकी टुणटुण उड्या मारत आली, उजव्या डब्यात डोकं घालून भिजवलेली हरभऱ्याची डाळ उचलून खाऊ लागली.

“शाब्बास!” बाई ओरडल्या आणि वहीत काहीतरी लिहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “डावीकडे तीन दाणे, उजवीकडे पाच. मी एकेक करून टाकले, तिनं बसून बघितले. डब्यात डोकावून नाही हं, नुसतं टाकताना बघून! आता बोला.”

मी टाकीतलं पाणी बघायला आलो होतो.

बाईंनी सिन्नर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमधून सगळी नोकरी पहिली-दुसरीच्या वर्गावर काढली. निवृत्त होऊन आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये आल्या. एक मुलगा पुण्यात, दुसरा हैदराबादला. चौथ्या दिवशी त्यांना घरात करमेना, पाचव्या दिवशी त्यांनी गच्चीवर शाळा भरवली. विद्यार्थी म्हणजे साळुंक्या, बुलबुल, चिमण्या आणि मॉनिटर नावाचा एक कावळा.

त्यांचं म्हणणं साधं होतं. “पाखराला मोजता येतं असं मी म्हणत नाही. पण कमी कुठे, जास्त कुठे, हे त्याला कळतं. एक आणि दोन, झटकन. तीन आणि पाच, जरा विचार करून. सात आणि आठ म्हटलं की गोंधळ. अहो, आपलाही होतो!”

आपलाही होतो, हे त्यांनी माझ्यावरच सिद्ध केलं. एकदा त्या घरी आल्या आणि टेबलावर शेंगदाण्यांच्या दोन वाट्या ठेवून म्हणाल्या, “निकम, एका नजरेत सांगा, जास्त कुठे?” मी एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. दिवसभर माल तपासायचा हीच माझी नोकरी. मी ऐटीत डावी वाटी दाखवली. उजवीत दोन दाणे जास्त निघाले.

“हेच साळुंकीला विचारलं होतं सकाळी,” बाई म्हणाल्या. “बरोबर सांगितलं तिनं.”

माझी बायको वैशाली इतकी हसली की तिला उचकी लागली. तेव्हापासून बाजारातून आणलेली कोथिंबिरीची जुडी मी तिच्यापुढे ठेवली की ती म्हणते, “साळुंकीला दाखवून आणलीत ना?”

बाईंचं एक ठरलेलं वाक्य होतं: “पुन्हा करून दाखव.” पाखरानं बरोबर डबा निवडला तरी पुन्हा, चुकलं तरी पुन्हा. डबे अदलाबदल करायच्या, कारण काही साळुंक्या नुसत्या सवयीनं डावीकडे जातात. डबे धुवायच्या, कारण वासानं जात असतील तर? स्वतः पाठ फिरवून उभ्या राहायच्या, कारण, “माझ्या तोंडाकडे बघून उत्तर ओळखत असतील तर? पहिलीतली पोरं तेच करतात.” नापास मात्र कुणालाच करत नसत. आठ वेळा चुकलेल्या एका बुलबुलाच्या नावापुढे त्यांनी लिहिलं होतं, “हुशार आहे, लक्ष नाही.”

हे सगळं सुखानं चाललं असतं, पण गच्चीवर सोलरची पॅनेलं बसली आणि बाईंच्या विद्यार्थ्यांनी त्यांवर सह्या करायला सुरुवात केली. आमचे सेक्रेटरी देवरे काका संतापले. ते मूळचे सटाण्याकडचे. एरवी शुद्ध बोलतात, पण पारा चढला की थेट अहिराणीत उतरतात. त्यांनी गच्चीवर पाखरांना खाणं टाकायला बंदी अशी नोटीस लावली. बाई ती वाचून तडक त्यांच्या दारात गेल्या. मी मागोमाग, भांडण सोडवायला म्हणून. खरं तर बघायला.

“देवरे साहेब, मी खाणं टाकत नाही. मी परीक्षा घेते.”

“बाई, पाखरांची कसली परीक्षा? कावळाले काय समजस!”

“समजतं. माणसं किती आत गेली आणि किती बाहेर आली, एवढंही समजतं. रविवारी सकाळी दाखवते. नाही समजलं तर डबे तुमच्या हवाली.”

“आणि समजलं तर मी नोटीस फाडतो,” काका म्हणाले.

रविवारी आठ वाजता आम्ही गच्चीवर जमलो. बाईंनी कठड्यावर पोळीचे तुकडे ठेवले. त्याच्या समोरच लिफ्टच्या मशीनची खोली, दार अर्धवट उघडं. मॉनिटर कावळा टाकीवर बसला होता. नियम असा: बाईंची मॉनिटरला सवय, पण खोलीत दुसरं माणूस आहे तोवर तो पोळीकडे फिरकत नाही. तर काही जणांनी आत जायचं, एक सोडून सगळ्यांनी बाहेर येऊन जिन्यानं खाली जायचं. कावळा फसला तर पोळीवर येईल. नाही फसला तर आत कुणीतरी उरलंय हे त्याला ठाऊक आहे.

पहिल्यांदा देवरे काका आणि मी आत गेलो. मी बाहेर येऊन जिन्यात लपलो. मॉनिटर ढिम्म. दहा मिनिटं झाली. आतून काकांची शिंक ऐकू आली, ते वैतागून बाहेर पडले आणि जिन्याकडे आले, तशी मॉनिटरनं शांतपणे उतरून पोळी उचलली.

“शिंकेमुळे कळलं त्याला!” काका म्हणाले.

“पुन्हा करून दाखव,” बाई म्हणाल्या. हे त्या कावळ्याला म्हणाल्या की काकांना, ते समजलं नाही. दोघेही कामाला लागले.

मग वैशालीला धरून तीन जण आत, दोन बाहेर. मॉनिटर ढिम्म. मग देवरे काकूंना धरून चार. तीन बाहेर, मॉनिटर ढिम्म. आता पाचवा माणूस हवा होता, आणि बाई स्वतः जायला तयार नव्हत्या, परीक्षकानं वर्गात बसायचं नसतं म्हणून. तेवढ्यात टाकी धुवायला आलेले पुंजाराम ब्रश घेऊन वर आले.

“पुंजाराम, तुम्ही आत जा,” बाई म्हणाल्या.

“आत काय बिघडलं हे?”

“काही नाही. कावळा मोजतोय.”

पुंजाराम एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिले. “बाई, मला आज अजून तीन टाक्या हेत,” असं म्हणत ते आत गेले आणि सर्वांत आधी बाहेर आले. त्यांच्यामागून वैशाली, मग काकू, मग मी. आत एकटे देवरे काका. मॉनिटरनं मान डावीकडे केली, उजवीकडे केली, एकदा काव म्हणाला आणि सरळ पोळीवर उतरला.

“फसना! फसना!” काका आतून नाचत बाहेर आले. त्यांच्या टकलावर जळमट होतं आणि चेहऱ्यावर असा आनंद, जो मी सोसायटीच्या एकाही मीटिंगमध्ये पाहिला नव्हता. “पाचला फसना, बाई! हरलात तुम्ही!”

“हरले?” बाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “अहो, चारपर्यंत बरोबर आला तो! जूनमध्ये पहिलीच्या वर्गात किती पोरं चारपर्यंत येतात, विचारा मला! पेन्सिल नाही, पाटी नाही, आई-बाप अभ्यास घेत नाहीत!”

काका थांबले. विचारात पडले. “आणि पाचवा पुंजाराम होता,” ते हळूच म्हणाले. “ब्रश घेऊन. त्यामुळे गोंधळला असेल. पुन्हा करायचं का?”

आम्ही पाच वेळा केलं. पुंजाराम शेवटी टाकी न धुताच पुढच्या कामाला गेले. नोटीस काकांनी स्वतः फाडली. डबे पॅनेलांपासून लांब, पूर्वेच्या कोपऱ्यात हलले, आणि काका रोज सकाळी चहाचा कप घेऊन तिथे हजेरी लावू लागले.

मार्च उलटला आणि आमच्या बाल्कनीतल्या टांगत्या कुंडीत बुलबुलानं घरटं केलं. तीन अंडी, मग तीन पिल्लं. बाई रोज दुपारी खुर्ची टाकून बसायच्या. इथे डबे नाहीत, वही नाही, नुसतं बघणं.

एका दुपारी मी जेवायला घरी होतो. कुंडीखाली एक पिल्लू मरून पडलेलं दिसलं. उन्हानं की कशानं, माहीत नाही. मी ते कागदात गुंडाळून खाली बागेत पुरून आलो, तोवर बाई आल्या होत्या. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि बसल्या.

बुलबुल चोचीत अळी घेऊन आली. घरट्यातून दोन चोची वर आल्या. तिनं भरवलं आणि गेली. पुन्हा आली, भरवलं, गेली. मी आपला क्वालिटीवाला. म्हणालो, “बघा बाई, तीनाची दोन झाली, तिला पत्तासुद्धा नाही.”

मला वाटलं, त्या आता माझ्यावर तुटून पडतील. पण खुर्ची जरा पुढे ओढून त्या म्हणाल्या, “असेल माहीत. दाखवत नसेल. पण हे काही सिद्ध करता येणार नाही.”

मग बाहेरच बघत म्हणाल्या, “जनगणनेचं काम असायचं आम्हाला. दारोदार जाऊन विचारायचं, मुलं किती. काही बायका लगेच सांगायच्या. काही थांबायच्या. त्या थांबल्या की मी खाली मान घालून पेन नीट करत बसायचे. त्यांना वेळ मिळावा म्हणून.”

बुलबुल पुन्हा भरवून गेली, तशी बाई पुढे म्हणाल्या:

“मला सगळे विचारतात, दोन ना? मी हो म्हणते. कुठे सांगत बसायचं. मधली मुलगी होती. सव्वा वर्षाची झाली होती.”

आतून वैशाली चहा घेऊन आली होती. ती दारातच उभी राहिली.

“नाव काय तिचं?” मी विचारलं.

“सुजाता.” बाई माझ्याकडे वळल्या. “आम्ही तेव्हा गावात भाड्यानं राहायचो. समोरच्यांची म्हैस होती. ती म्हैस दिसली की ही टाळ्या वाजवायची. म्हशीनं शेपूट हलवलं की खदखदून हसायची, मग कोलमडून खालीच बसायची. तिला चालताना घाई फार. आणि माती खायची, हो, लपून, तोंड पुसून यायची, पण हनुवटीवर राहायचंच...”

कंपनीत मला तीनला परत जायचं होतं. मी वैशालीच्या हातातून चहा घेतला, दुसरी खुर्ची ओढली आणि बाईंच्या शेजारी बसलो.