बेगमची शिकवणी

रत्नागिरीत नवा माणूस दिसला की लोक आधी आडनाव विचारतात, मग मूळ गाव, मग पगार. इब्राहिम दफेदारांनी मला वजन विचारलं. मी नुकताच गणिताचा मास्तर म्हणून तिथल्या शाळेत लागलो होतो. भर बाजारात हा सहा फुटी, लंगडा, मिशाळ म्हातारा माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

"मास्तर, वजन किती तुमचा?"

"असेल शंभर पौंड," मी म्हटलं.

त्यांनी मला पुढून बघितलं, मागून बघितलं. "बेस हाय. उद्या ओहोटीला मांडवीवर या. घोड्यावर बसायचा हाय."

मला वाटलं, वा! पेन्शनीत निघालेला घोडदळातला दफेदार आपल्याला फुकटात घोडेस्वारी शिकवतोय! दुसऱ्या दिवशी मी धोतराचा काचा मारून हजर. तर पहिलाच धडा असा: "एक ध्यानात ठेवा मास्तर. शिकवणी घोडीची हाय. तुमी फकस्त वजन."

घोडीचं नाव बेगम. पूर्वी ती टांग्याला होती. एस.टी. आली, टांगेवाल्याचा धंदा बसला आणि दोन्ही गुडघे फुटलेली ही घोडी दफेदारांच्या दारात आली. बायको केव्हाच वारलेली, मूलबाळ नाही. मांडवीला एक खोली, शेजारी माडाच्या झापांची पडवी. खोलीत दफेदार, पडवीत बेगम. दफेदार चहा प्यायचे तो बशीत ओतून. बशीचे भागीदार दोन. पाहुण्याला तिसरी बशी मिळे, पण ती जरा उशिरा.

टांग्याच्या घोडीला दुडकी तेवढी येते. दफेदारांना हवा होता कँटर. दुडकीहून वेगवान, पण भरधाव नव्हे, अशी ही तीन टापांची चाल. ती अंगात मुरावी म्हणून त्यांनी मला मंत्र दिला होता. "दुडकी म्हंजे तार-ली, तार-ली. कँटर म्हंजे बां-ग-डा, बां-ग-डा. मोठ्यानं बोला, घोडीला ऐकू जाऊ दे!"

माझ्या सात पिढ्यांत कुणी मासळीला हात लावलेला नाही. आणि मी मांडवीच्या वाळूत घोडीवर बसून "बांगडा, बांगडा" असा घोष करत गोल गोल फिरतोय! आमच्या हिला शेजारच्या काकूंनी विचारलंदेखील, "काय गो, मास्तरांनी नोकरी सोडली की काय?"

ओहोटी रोज पुढे सरके, तशी शिकवणीही सरके. कधी सकाळी, कधी शाळा सुटल्यावर. लगाम जरा ओढला की दफेदार कळवळायचे, जणू त्यांच्याच तोंडात कडी आहे. "अवो मास्तर! पाडाला आलेला आंबा कसा चाचपता? तसा धरा. उपटू नका!" महिन्याभरात बेगमच्या तारलीचा खरंच बांगडा झाला. काय सांगू, पाळण्यात बसल्यासारखं वाटायचं.

मग उडी. दोन बाजूंना जांभ्याचे चिरे, वर आडवा बांबू, उंची गुडघाभर. "उडी पायात नसते, कँटरात असते," दफेदार सांगायचे. बेगम छान बांगड्यात येई. बांबू तीन पावलांवर आला की दफेदार जिवाच्या आकांताने ओरडत, "सांभाळ, बेगम!" आणि बेगम जागच्या जागी खुंटासारखी उभी. मी मात्र तिच्या मानेवरून पलीकडे. उडी रोज होत होती, फक्त घोडीशिवाय.

मी वैतागलो. "पुरे झालं दफेदार! कशाला हवी या म्हातारपणी तिला उडी?"

ते चिऱ्यावर बसले. "माज्या मागं हिचा काय, मास्तर? कोनतरी परत टांग्याला जुंपंल. चढावर मरंल ती. कोल्हापूरचे एक इनामदार हायत, माज्या जुन्या सायबाचे दोस्त. लेकीसाठी घोडी बघतायत. दिवाळीनंतर येनार. कँटर नरम पायजे, उडी साफ पायजे. झाला तर हिचा जन्माचा कल्यान."

यानंतर मी पडण्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

दिवाळीच्या आधी दफेदारांचा घसा बसला. आवाज म्हणून फुटेना. त्या दिवशी बेगम बांगड्यात आली आणि अलगद बांबूपलीकडे गेली. मी वर, शाबूत! तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला.

"दफेदार, तुमच्या ओरडण्यानं थांबते हो ती!"

त्यांनी बेगमच्या मानेवर हात ठेवला. मग घोगऱ्या आवाजात म्हणाले, "पाय फुटलेली आली तवा हातानं धरून फिरवायचो. खड्डा आला की बोलायचो, सांभाळ. ती थांबायची. तेच शिकली मास्तर. मीच शिकवला."

दिवाळीनंतर इनामदार आले, तोवर दफेदारांचा आवाज परत आला होता. मांडवीवर ही गर्दी! मी बेगमला बांगड्यात सोडलं. बांबूजवळ येता येता नजर गेली, तर दफेदारांनी खांद्यावरचा पंचा तोंडात कोंबला होता. बेगम गेली पलीकडे, खूरसुद्धा लागला नाही. इनामदारांनी टाळ्या वाजवल्या आणि तिथल्या तिथे घोडी पसंत केली.

दुपारी इनामदारांचा मोतद्दार, म्हणजे घोड्यांचा नोकर, तिला घेऊन निघाला. आंबा घाटाने चालत जायचं होतं. माडांच्या वळणावर बेगम थांबली. वळून बघायला लागली. मोतद्दार ओढतोय, ही हलेना. दफेदारांच्या तोंडात पंचा तसाच.

"अहो, आता तरी काढा तो!" मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. शेवटी ओढत ओढत घोडी वळणाआड गेली, टापा ऐकू येईनाशा झाल्या, तेव्हा त्यांनी पंचा काढला.

"काढला असता तर हाक गेली असती मास्तर. मग ती गेली नसती."

दुसऱ्या दिवशी ओहोटी संध्याकाळी होती. मी गेलो. दफेदार चिऱ्यावर एकटेच बसले होते.

"तुमी कशाला आलात? शिकवणी घोडीची होती."

"मला ठाऊक आहे," मी म्हटलं. "मी वजन म्हणून आलोय."

ते जरा सरकले आणि चिऱ्यावर मला जागा करून दिली.