मऊ पावलांचा दुर्मिळ प्राणी

खासगी संरक्षित वनात घोड्यावरून फिरण्यास नागरिकांना परवानगी देण्यात आली, तेव्हा परिसरात घोडी बाळगणाऱ्या नागरिक एकच होत्या: घोडेस्वारी शिकवून निवृत्त झालेल्या मास्तरीणबाई. त्यांच्या गुडघ्यांनी कधीच संप पुकारला होता. ठुमकी नावाची म्हातारी घोडी हेच त्यांचे पाय, आणि पलीकडे राहणाऱ्या थोरल्या बहिणीकडे जायची वाट त्या वनातूनच होती. म्हणून बाई वनाच्या मालकांना मनापासून दुवा देत. अर्ध्या डोंगरावर बंगले बांधून झाल्यावर उरलेल्या अर्ध्याविषयी मालकांचं निसर्गप्रेम उफाळून आलं होतं, पण आपण कशाला त्यात पडा, असं बाईंचं मत.

पहिल्याच आठवड्यात संवर्धन अधिकारी आडवे आले. टापांमुळे गवताला इजा होत असल्याचं त्यांच्या निदर्शनास आलं होतं. बाईंनी घोडीला जाड लोकरीचे चार मोजे शिवले. मग लिदीतून परकं बी शिरतं असं निघालं, तेव्हा शेपटीखाली पिशवी आली.

"आणखी काही?" बाईंनी विचारलं.

"तुमचं बोलणं. पक्षी विचलित होतात."

ठुमकीशी गप्पा मारल्याशिवाय ज्यांचा दिवस जात नसे, त्या आता ओठ मिटून ताईकडे जाऊ-येऊ लागल्या. नियम पाळले की कुणी वाकड्यात शिरत नाही, अशी त्यांची भाबडी समजूत.

एका सकाळी वनाच्या फाटकावर अधिकाऱ्यांनी ठुमकीचा लगाम धरला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"बाई, वनात नवा प्राणी सापडलाय. झाडांना खाली, कमरेएवढ्या उंचीवर कॅमेरे लावलेत, त्यात रोज दिसतो. गादीसारखी पावलं, शेपटीखाली पिशवी. जगात कुठेच नाही असा."

"अहो, ही ठुमकी आहे. मोजे तुम्हीच घालायला लावलेत."

"असेल. पण मालकांच्या हस्ते तो दुर्मिळ म्हणून जाहीर झालाय. आता त्याला घोडी कसं म्हणायचं?"

"फोटोत माझे पाय दिसत असतील की."

"दिसतात ना. दोन्ही बाजूंना लोंबणारा परजीवी. तज्ज्ञ म्हणाले, तो आधी काढा."

बाईंना अत्यंत हळुवारपणे खाली उतरवण्यात आलं, कारण प्राण्याला धक्का लागता कामा नये. ठुमकीला आत नेलं आणि फाटक बंद झालं. चार पावलं टाकून त्या कुंपणापाशीच बसल्या आणि रडल्या. पलीकडे ताई वाट बघत असणार आणि अलीकडे घरी जायलाही पाय उरले नव्हते.

त्या सुटकेची चित्रफीत तुम्हीही पाहिली असेल. मोकळा झालेला प्राणी फाटकाकडे तोंड करून उभा आहे, मागे हळवं संगीत आहे. शेवटी ते संगीत थांबतं आणि कुंपणाबाहेरून एक बाई हाका मारताना ऐकू येते. तोवर तुम्ही लाल बदाम दाबून पुढच्या चित्रफितीवर गेला होतात.