पांढऱ्या भुकटीने कर्बवायूवर केलेल्या स्वारीचे वर्तमान

श्रीसूर्यनारायण साक्ष, मृत्तिकामाता साक्ष. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, मार्गशीर्षमासी जे घडले ते लिहिले ऐसे जे: रेणुकाबाई लहान असता त्यांचे तीर्थरूप कुंभारवाड्यात मडकी भाजण्याचा आवा रचीत आणि धग चढता गात,
"माती माझी माय गं, ऊन तिचा भाऊ,
मामाच्या भेटीला मडक्या चल जाऊ."
तो सूर बाईंचे कानी राहिला, आणि मग थोर विद्या करोन त्या एका राज्याचे प्रयोगशाळेत भट्टीच्या अंमलदार जाहल्या. ते समयी कार्बन डायऑक्साइड ऊर्फ कर्बवायू नामे गनीम धुराड्यांतून उतरोन मुलूख तापवीत होता, आणि राज्याचे स्वामींनी फर्माविले की, ऐसी भुकटी भाजावी जीवर ऊन पडताच गनीम मोडून त्याचे इंधन व्हावे. मोहिमेची सरदारी विश्रामपंतांस दिली. पंत वृद्ध, मायाळू, बाईंस लेक मानीत. मग बाईंनी पांढरी भुकटी भाजिली आणि काचेचे भांड्यात घालोन कर्बवायू कोंडिला आणि भांडे उन्हात मांडिले. भुकटी लग्नातल्या रुसल्या व्याह्यासारखी बसोन राहिली. मग तांबे मिसळिले, मग जास्त भाजिली, मग कमी भाजिली, ढिम्म.

"मातीच ती, लेकी," पंत म्हणत, "मनधरणी करावी लागते."

आणि एके दिवशी इंधन मोजण्याचे यंत्राचा काटा उठला, इंधनवायू निघाला, आणि पेढे वाटिले, आणि स्वामींनी दरबार नेमिला की पंतांस शालजोडी द्यावी आणि भट्टी राखावी की मोडावी तेही तेथेच ठरवावे. बाईंस मात्र चैन पडेना. मग त्यांनी कर्बवायू न भरिता भांडे तैसेच उन्हात मांडिले. काटा तितकाच उठला. गनीम रणी आलाच नाही आणि फत्ते जाहली! मग बाईंनी झाकण उलटे करोन पाहिले तो आतले अंगास तुपाचे बोट. पंत रोज भांड्याची पूजा करीत आणि दृष्ट लागू नये म्हणोन बोट ओढीत, आणि परदेशी पंडित हसतील म्हणोन आतून ओढीत. उन्हात भुकटी ते तूपच मोडीत होती. बाईंनी हे पोटात ठेविले. कारण बोलावे तर भट्टी विझते, आणि पंत तर भेटेल त्यास विचारीत होते की शालीवर फेटा कोणता शोभेल.

मग दरबार भरला, काटा उठला, आणि स्वामी पंतांचे खांद्यावर शाल घालोन संतोषून बोलिले, "वाहवा पंत. आता गावोगाव ऐसी भांडी बसवू, आणि धुराड्यांनी खुशाल धूर सोडावा."

हे ऐकताच बाई उठोन उभ्या राहिल्या.

"महाराज, गनीम नसलेल्या भांड्यातही काटा उठतो. हे इंधन गनिमाचे नव्हे, पंतांच्या तुपाचे आहे."

पंतांनी खांद्यावरली शाल हळूच उतरविली.

"लेकी, आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही फेटा निवडत होता, काका."

स्वामींनी हसू मिशीत दाबिले आणि पुसिले, "मग भुकटी कुचकामीच?"

"तूप मोडते, म्हणजे जीव आहे तिच्यात. गनीम तुपाहून चिवट आहे, महाराज. भट्टी राहू द्या."

येणेप्रमाणे फत्ते बुडाली, भट्टी राहिली, धुराड्यांस मोकळीक मिळाली नाही. आणि भांडे साबणाने धुण्याचे काम पंतांनी आपणहून मागून घेतले.