महाराजांची अक्कल कोण काढणार?

एका जंगलात, मुलांनो, पट्टेराव नावाचा वाघ राज्य करत होता. जंगल मोठं होतं. राजाचा जबडाही मोठा होता. अक्कल बेताची होती, पण तसं बोलायची सोय नव्हती. का नव्हती, ते सांगतो. चुळबुळ करू नका.

पट्टेरावांच्या आजोबांना एकदा एका पोपटानं भर दरबारात विचारलं होतं, "महाराज, आपल्याला काही अक्कल आहे का?" पोपटाचं पुढं काय झालं ते विचारू नका. पण त्याच संध्याकाळी दवंडी पिटली गेली, "जो कोणी राजाची अक्कल काढील, त्याला राजा खाईल." कायदा सोपा होता. म्हणून सगळ्यांच्या लक्षात राहिला.

तर एके दिवशी पट्टेराव झोपेतून उठले ते गाल सुजवूनच. डरकाळी फोडायला गेले, तर "म्यांव" असा आवाज निघाला. सशांना हसू आलं. आणि ससे हसू लागले की राज्य धोक्यात आलं म्हणून समजावं.

प्रधान होतं एक उदमांजर. त्यानं ताबडतोब डॉ. टोचे यांना बोलावलं. हे टोचे म्हणजे सुतारपक्षी. स्वभावानं गरीब, आणि खरं बोलायची वाईट खोड. त्यांनी राजाच्या तोंडात डोकावून पाहिलं, चोचीनं टकटक केलं आणि मान हलवली.

"अक्कलदाढ आहे. आडवी आलीय. हाडात रुतून बसलीय. हे माझं काम नाही, जबड्याचा तज्ज्ञ गाठा. पण लवकर गाठा. पू गळ्यात उतरला, तर महाराज काही वाचत नाहीत."

"म्हणजे नक्की करायचं काय?" प्रधानानं विचारलं.

"काढायची."

"काय काढायची?"

"महाराजांची अक्कल..."

सगळा दरबार राजाच्या तोंडाकडे बघू लागला. आपण काय बोललो हे टोचेंच्या ध्यानात आलं. दाढ हा शब्द तोंडातच ठेवून ते जे उडाले, ते थेट डोंगरापलीकडे.

मग शोध सुरू झाला. तज्ज्ञांना काय तोटा? आधी मगरबाईंना विचारलं. त्यांच्या दवाखान्याची ख्याती अशी, की एकही पेशंट तक्रार घेऊन परत आलेला नव्हता. पण काय काढायचंय हे कळताच मगरबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी आनंदानं केलं असतं हो. पण हल्ली मी फक्त लहान मुलांनाच बघते."

साळिंदर म्हणालं, "मी सुया टोचेन. पुढचं तुमचं तुम्ही बघा." माकडानं तर तोंड न बघताच निदान केलं. दोष दाढेत नाही म्हणे, गुहेचं तोंड दक्षिणेला आहे. मग गुहेचं तोंड फिरवायचं काम निघालं. गुहेचं तोंड फिरलं. राजाचं होतं तसंच राहिलं, उलट थोडं आणखी सुजलं.

बरं, ठणका थांबवायला एक मुळी असते. दाताखाली धरली की तोंड बधिर होतं. पण तिचं नाव अक्कलकाढा! वैद्य अस्वलानं ती मुठीत लपवून आणली आणि नाव न सांगताच परत नेली. उगाच कशाला?

पट्टेरावांचं खाणं बंद झालं. आता घोट गिळतानाही त्यांचे डोळे पांढरे होत होते. शेवटी वाघीण वैतागली.

"इथं वाघ मरायला टेकलाय आणि तुम्ही शब्द कसले चघळत बसलात?" ती गरजली आणि स्वतःच ओढ्यावर गेली.

ओढ्याकाठच्या बिळात डॉ. नांगरे राहत. जातीनं खेकडा. बिळावर पाटी होती, "जबडा व मुखशल्यतज्ज्ञ. फक्त आडव्या दाढा."

"आडवीच आहे ना?" नांगरेंनी विचारलं. "नक्की? मग माझंच काम. सरळ चालणाऱ्यांना आडवी दाढ सापडत नाही. पण राणीसाहेब, तो कायदा..."

"कायद्याचं काय घेऊन बसलात! मी लग्न झाल्यापासून रोज काढतेय यांची अक्कल."

"आणि महाराज?"

"खाली मान घालून ऐकतात. मला खाल्लं तर शिकार कोण आणणार?"

"तुमचं ठीक आहे हो. मी एका घासाचासुद्धा नाही."

वाघिणीचे डोळे भरून आले होते. रोज अक्कल काढत असली, तरी नवरा होता तो तिचा. नांगरेंना ते बघवेना. ते निघाले. आडवेच निघाले, पण निघाले.

दरबारात येऊन त्यांनी दाढ पाहिली. मग दोन्ही नांग्या जोडून म्हणाले, "महाराज, दाढ उत्तम आहे. दोष जबड्याचा आहे. आपल्या अकलेला तो लहान पडतो."

जबडा दुखत असूनही पट्टेरावांची मान ताठ झाली. "मलाहीऽ तशीच शंका होती. मग उपाय?"

"थोडी अक्कल राज्याला दान करावी."

दरबारात टाळ्या पडल्या. प्रधानानं तिथल्या तिथं अक्कलदान सोहळा जाहीर केला. अस्वलानं मुठीतली ती मुळी पुन्हा आणली, या वेळी नाव सांगून. ढोल वाजले. नांगरे जबड्यात शिरले. वाघिणीनं डोळे मिटून घेतले. आतून कटकन आवाज आला आणि नांगीत दाढ धरून नांगरे बाहेर आले, सगळे पाय शाबूत.

पट्टेरावांनी डरकाळी फोडली. ससे पळाले. राज्य सावरलं.

दाढ मखमलीच्या गादीवर ठेवली गेली. दर्शनाला रांग लागली. प्रधानानं तर आपलीही धडधाकट दाढ दान करून टाकली. नांगरेंना 'राजजबडारत्न' ही पदवी मिळाली. निघताना त्यांनी बजावलं, "महाराज, काही दिवस मऊच खा. हाडंबिडं नकोत."

ही बातमी डोंगरापलीकडे पोचली. डॉ. टोचेंना फार आनंद झाला. राजा वाचला म्हणून, आणि आपलं निदान खरं ठरलं म्हणून. ते हसत हसत दरबारात आले.

"महाराज, मी तरी दुसरं काय सांगत होतो? हेच!"

"हेच सांगत होता?" प्रधानानं विचारलं. "सगळ्यांनी ऐकलं ना? गुन्हा कबूल आहे."

वाघीण "अहो, थांबा!" म्हणेपर्यंत उशीर झाला होता.

मला त्या टोचेंचं अजून वाईट वाटतं, मुलांनो. पण महाराजांनी पथ्य मात्र मोडलं नाही. सुतारपक्षी चांगला मऊ असतो.

तात्पर्य: कुठली दाढ काढायची हे कुणालाही कळतं. कुठला शब्द काढायचा नाही हे ज्याला कळतं, तोच तज्ज्ञ.