कुमुदकाकूंचे सहासष्ट अनारसे

आमच्या शेजारच्या कुमुदकाकू पंचांगाशी भांडतात. हातात पेन्सिल घेऊन, मोठमोठ्यांदा. शिवाजी नगरातल्या या क्वार्टरांच्या भिंती पातळ, त्यामुळे कोण हरलं ते मला सकाळच्या चहाआधीच कळतं. काकू कधीच हरत नाहीत. "घोळ माझा नाही गं, पद्धतीचा आहे!"

यंदा अधिक महिना लागला आणि काकू पंचांग घेऊन थेट माझ्या ओट्याशी.

"अधिकात जावयाला तेहतीस अनारसे देतात. माझा जावई कोण?"

प्रश्न रास्त होता. काकूंची मुलगी शुभा आणि तिची हिंदी भाषक जोडीदार नीलम, दोघींचा संसार काकूंच्याच घरात. चार वर्षांच्या मिठीला आया दोन, आजी एकच.

"नीलम," मी म्हटलं.

"अगं, पण स्वयंपाक तीच करते. म्हणजे सून झाली ना?"

"मग सून समजा."

"सुनेला अनारसे देत नाहीत! पोरीला तसंच ठेवू?"

"बरं, स्कूटर कोण चालवतं?"

"दोघी."

"बल्ब कोण बदलतं?"

"मी!"

मी कपाळाला हात लावला. काकूंनी मिठीलाही विचारून पाहिलं. ती म्हणाली, "आजी, दोनों मम्मा हैं ना!" कार्टीचं बरोबर होतं, पण पंचांगात तशी सोय नव्हती.

आठवडाभर हाच घोळ. पहिला घाणा तुपात हसला, म्हणजे पार विरघळला. काकूंनी पंचांगालाच झापलं.

शेवटी एका रविवारी मला बोलावणं आलं. पाहते तर पाट दोन, ताटं दोन, दिवे दोन. नीलमला कुंकू लावून काकूंनी तेहतीस अनारसे दिले. मग शुभाला बसवलं आणि दुसरं ताट तिच्या हातात ठेवलं.

"आता हे कुणाकडचं?" मी विचारलं.

"नीलमच्या आईकडचं."

मी गारच पडले. त्या बाई राहतात जवाहर चौकात, हाकेच्या अंतरावर. पण नीलम इथे राहायला आली तेव्हापासून त्यांनी बोलणं टाकलंय. मिठीचं तोंडही पाहिलेलं नाही.

"त्यांनी पाठवले?"

"पाठवले असते गं," काकू हळूच म्हणाल्या. "त्यांच्यात पद्धत नाही, एवढंच."

नीलमला मराठी चांगलं कळतं. ती पाटावर बसल्या बसल्याच रडायला लागली.

काकू पार गोंधळल्या. पदराने तिचं नाक पुसत म्हणाल्या, "रडती क्यूं है गं? कच्चे राहिले क्या?"